रूट कॅनालमध्ये ‘लेंथ’ कशी काढतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रूट कॅनाल चालू असताना डॉक्टर मध्येच थांबतात, असिस्टंटला ‘लेंथ घेऊया’ म्हणतात, ओठाला एक हुक अडकवला जातो, मशीन टीं-टीं करायला लागतं आणि पाठोपाठ एक्स-रे. पेशंटला हा भाग सगळ्यात कंटाळवाणा वाटतो. दुखत तर नाही, पण काम पुढे सरकतंय असंही वाटत नाही, आणि घड्याळात लोकलची वेळ जवळ येत असते. दादरच्या आमच्या क्लिनिकमध्ये या टप्प्याबद्दल जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे पेशंटचे आहेत, काही आमच्याकडे बसायला येणाऱ्या इंटर्न मुलामुलींचे. त्यामुळे काही उत्तरं जरा खोलात गेली आहेत. तुमच्या कामाची नसतील ती बिनदिक्कत सोडून द्या.

‘लेंथ’ म्हणजे नक्की कसली लांबी?

दाताच्या वरच्या बाजूला एक ठरावीक जागा धरायची. दाढ असेल तर तिचा एखादा उंचवटा, समोरचा दात असेल तर त्याची धार. तिथपासून मुळाच्या आत जिथे थांबायचं त्या जागेपर्यंतचं अंतर म्हणजे वर्किंग लेंथ. ती मिलीमीटरमध्ये मोजतात आणि अर्ध्या मिलीमीटरपर्यंत नोंदवतात. फाईल म्हणजे मुळातली बारीक नळी, म्हणजे कॅनाल, साफ करायची सुईसारखी काडी; तिच्यावर रबराचा एक छोटा स्टॉपर असतो. तो मोजलेल्या आकड्यावर सरकवून ठेवायचा. फाईल आत जाताना स्टॉपर उंचवट्याला टेकला की हात थांबतो. कॅनाल रुंद करणं, धुणं, शेवटी गटापर्चाने (रबरासारखा पदार्थ) भरणं, सगळं याच आकड्यावर चालतं. आकडाच चुकला असेल तर नंतर कितीही मन लावून केलेलं काम चुकीच्या जागी होतं.

मग सरळ मुळाच्या टोकापर्यंत जायचं ना. अलीकडेच का थांबता?

कारण कॅनाल मुळाच्या अगदी टोकालाच उघडतो असं नाही. ज्या छिद्रातून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू मुळात शिरतात ते पुष्कळदा टोकाच्या बाजूला असतं, कधी अर्धा मिलीमीटर अलीकडे, कधी एक, क्वचित दोन-तीनसुद्धा. शिवाय त्या छिद्राच्या किंचित आत कॅनाल सर्वांत अरुंद होतो आणि बाहेर पडताना पुन्हा पसरतो. दोन नरसाळी चोचीला चोच लावून धरली तर मधे जी कोंडी होते तशी ती जागा, फक्त आतलं नरसाळं लांबलचक आणि बाहेरचं अगदी इवलंसं. या कोंडीला एपिकल कन्स्ट्रिक्शन म्हणतात. तिच्या अलीकडे दात आणि त्यातली खराब झालेली नस. पलीकडे दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू, रक्तवाहिन्या आणि हाड. आतली घाण काढून कॅनाल बंद केला की पलीकडचं शरीर स्वतःच भरून काढतं. तिथे फाईलने खरवडून काही साधत नाही.

मेक्सिकोच्या युरी कुटलर यांनी मुळांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली मोजून १९५५ साली निष्कर्ष मांडले. कोंडी ते बाहेरचं छिद्र हे अंतर तरुणांमध्ये सरासरी अर्ध्या मिलीमीटरच्या जरा वर निघालं, वयस्कांमध्ये सुमारे ०.६६ मिलीमीटर. वयाबरोबर मुळाच्या बाहेरून सिमेंटमचे, म्हणजे मुळावरच्या कठीण आवरणाचे, थर चढत जातात, म्हणून ते वाढतं. ‘टोकापासून अर्धा ते एक मिलीमीटर अलीकडे’ हे बीडीएसचा प्रत्येक विद्यार्थी जे घोकतो त्याला अशा मोजमापांचा आधार आहे. पण ती सरासरी आहे, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या दाताला सरासरीशी काही देणंघेणं नसतं.

एक मिलीमीटर इकडे-तिकडे झाला तर असं काय बिघडतं?

कमी पडलं तर आधी बघू. नस मेलेली आहे, मुळाशी पू आहे, अशा दातात जंतू अगदी शेवटच्या दोन-तीन मिलीमीटरपर्यंत पोचलेले असतात. तेवढाच तुकडा साफ व्हायचा राहिला तरी दुखणं थांबतं, कॅप बसते, पेशंट खूश असतो, आणि काही वर्षांनी हिरडीवर पुळी येते. यात आणखी एक मेख आहे. फाईल वारंवार अलीकडेच थांबली की तिथे चोथा ठासून बसतो किंवा भिंतीत पायरी पडते. मग खरी लांबी नंतर कळली तरी फाईल खाली उतरायला तयार होत नाही.

जास्त गेलं तर त्रास लगेच कळतो. टोकाबाहेरच्या तंतूंना इजा होते, चोथा आणि जंतू बाहेर ढकलले जातात, दोन-चार दिवस चावताना ठणका लागतो. कॅनाल धुवायला वापरतात ते सोडियम हायपोक्लोराइट जोराने बाहेर गेलं तर असह्य कळ येते आणि गाल सुजतो. खालच्या दाढांच्या, विशेषतः दुसऱ्या दाढेच्या, मुळांजवळून जबड्याचा मोठा मज्जातंतू जातो. सीलर, म्हणजे गटापर्चासोबत भरायचं चिकट मिश्रण, तिथपर्यंत गेलं तर ओठ बधिर राहू शकतो. वरच्या दाढांची मुळं सायनसला, म्हणजे गालाच्या आतल्या हाडातल्या पोकळीला, लागून असतात.

आकडे हवे असतील तर स्वीडनमधला एक अभ्यास या विषयात सगळे सांगतात. पेशंटचा आठ-दहा वर्षं माग ठेवून तो १९९० साली प्रसिद्ध झाला. नस मेलेली आणि मुळाशी हाड झिजलेलं, अशा मुळांमध्ये भरण टोकापासून २ मिलीमीटरच्या आत थांबलेलं असेल तर ९४ टक्के बरी झाली. त्याहून अलीकडे थांबलेल्यांत ६८ टक्के, टोकाबाहेर गेलेल्यांत ७६ टक्के. जिवंत नस काढलेल्या दातांत इतका फरक पडत नाही, कारण तिथे खोलवर जंतूच नसतात.

लांबी काढतात कशी? क्रमाने सांगा.

खालची पहिली दाढ घेऊ, तिचं मागचं (डिस्टल) मूळ. सुरुवातीच्या एक्स-रेवर उंचवट्यापासून टोकापर्यंत २१ मिलीमीटर भरलं. एक्स-रेत दात थोडा लांब दिसू शकतो म्हणून एक मिलीमीटर सोडायचा आणि २० वर स्टॉपर लावायचा. आधी कॅनालचा वरचा भाग मोकळा करून घ्यायचा, मग १५ नंबरची पांढऱ्या मुठीची के-फाईल आत सोडायची. एपेक्स लोकेटरवर (ओठाला हुक लावून वाजतं ते मशीन) शून्य येईपर्यंत हळूहळू खाली जायचं. समजा शून्य २१ वर आलं. अर्धा मागे घेतला की २०.५. आता फाईल २०.५ वरच ठेवून एक्स-रे. चित्रात फाईलचं टोक मुळाच्या टोकापासून एक मिलीमीटर अलीकडे दिसतंय, म्हणजे दोघांची साक्ष जुळली. केस पेपरवर लिहायचं: ‘डिस्टल २०.५, मागचा गालाकडचा उंचवटा’.

१५ नंबरच का, असं इंटर्न विचारतात. ८ किंवा १० नंबरच्या फाईलचं टोक इतकं बारीक असतं की एक्स-रेवर ते नेमकं कुठे संपलं हे डोळ्यांना कळत नाही. कॅनाल फारच अरुंद असेल तर १० वर भागवावं लागतं, पण मग चित्र दोनदा बघायचं.

लोकेटर यायच्या आधी हेच गणित नुसत्या एक्स-रेवर करत आणि इंगल यांच्या नावाने ते आजही शिकवतात. त्यात वाईन यांनी घातलेली भर व्यवहारात फार उपयोगी आहे: मुळाभोवती सगळं ठाकठीक असेल तर टोकापासून १ मिलीमीटर सोडा, हाड झिजलेलं दिसत असेल तर १.५, हाड आणि मूळ दोन्ही झिजलेलं असेल तर २. झिजलेल्या मुळात ती कोंडीच उरलेली नसते, म्हणून जास्त अलीकडे थांबायचं.

ओठाला हुक लावून मशीन वाजतं ते काय असतं? करंट बसत नाही का?

ते एपेक्स लोकेटर. एक वायर ओठावरच्या हुकला, दुसरी फाईलला. दोन्हींमधून अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह जातो, इतका की तो जाणवत नाही. ज्यांना ‘करंट लागला’ असं वाटतं त्यांना बहुतेक वेळा आत उरलेल्या नसेला फाईल लागलेली असते.

यामागची कल्पना जुनी आहे. लांबी विजेच्या मदतीने काढता येईल असं कस्टर यांनी १९१८ मध्येच सुचवलं होतं. जपानमध्ये सुझुकी यांनी १९४२ साली कुत्र्यांच्या दातांवर काम करताना पाहिलं की कॅनालमधलं उपकरण आणि तोंडाची आतली त्वचा यांमधला विद्युतरोध ठरावीक असतो. सुनादा यांनी १९६२ साली त्यावरून माणसासाठी साधं यंत्र बनवलं. फाईल टोकाला पोचली की रोध सुमारे ६.५ किलोओम दाखवायचा, मग दात कुठलाही असो, वय काहीही असो. ती पहिली यंत्रं कॅनाल कोरडा असेल तरच नीट चालत. रक्त, पू किंवा हायपोक्लोराइट असलं की गोंधळ. आणि रूट कॅनालच्या मधोमध कोरडा कॅनाल मिळणार कुठून?

हा प्रश्न सुटला तो दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी एकाच वेळी वापरून. मोरिता कंपनीचं रूट झेडएक्स ०.४ आणि ८ किलोहर्ट्झवर रोध मोजतं आणि दोन्हींचं गुणोत्तर काढतं. कॅनालमध्ये काय द्रव आहे याचा परिणाम दोन्ही मोजमापांवर सारखाच होतो, त्यामुळे गुणोत्तर फारसं हलत नाही. कोंडीजवळ मात्र ते झपाट्याने बदलतं. आज मुंबईतल्या क्लिनिकमध्ये दिसणारी बरीचशी यंत्रं, महाग असोत की स्वस्त, एकापेक्षा जास्त फ्रिक्वेन्सीवरच चालतात.

पडद्यावर ०.५ दिसतं म्हणजे टोक अर्ध्या मिलीमीटरवर आहे ना?

नाही. हा गैरसमज शिकाऊ डॉक्टरांतही सर्रास दिसतो, म्हणून ठासून सांगतो. पडद्यावरचे आकडे मिलीमीटर नव्हेत. विद्युत मोजमापाची ती एक पट्टी आहे. फाईल टोकाच्या जवळ सरकतेय की लांब जातेय एवढंच ती सांगते. त्यातल्या त्यात भरवशाचं चिन्ह म्हणजे ‘एपेक्स’ किंवा शून्य, म्हणजे फाईल छिद्राशी पोचल्याची खूण. त्यामुळे शून्यापर्यंत जाऊन स्टॉपर लावावा, फाईल बाहेर काढून पट्टीवर मोजावी आणि त्यातून अर्धा मिलीमीटर वजा करावा. ‘१’ वर काटा आला म्हणून थांबलो, एक मिलीमीटर राहिला असेल, हा हिशेब चालत नाही.

मशीन चुकतं का?

चुकतं, आणि बहुतेक वेळा चूक मशीनची नसते. दाढेतलं जुनं चांदीचं भरण किंवा धातूची कॅप फाईलला टेकली की प्रवाह तिकडून पळतो आणि मशीन वरच्या वरच ‘पोचलो’ म्हणून वाजतं. किडलेल्या भिंतीतून लाळ आत आली तरी तेच होतं. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून लावायचा रबराचा पडदा, लावायचं हे एक कारण. दाताच्या पोकळीत हायपोक्लोराइट काठोकाठ भरलेलं असलं की एका कॅनालचं वाचन दुसऱ्यात मिसळतं. पोकळी कापसाने टिपून घ्यायची, कॅनाल ओलसर ठेवायचा, मग वाचायचं. अगदी ठणठणीत कोरड्या कॅनालमध्ये काटा कधी कधी हलतच नाही.

फाईल कॅनालच्या मानाने फार बारीक असेल तर वाचन डळमळतं. मूळ तडकलेलं असेल किंवा कुठे आरपार छिद्र पडलं असेल तर फाईल त्या जागी जाताच मशीन शून्य दाखवतं. हे वाईटातलं चांगलं, कारण छिद्र नेमकं कुठे आहे ते त्यावरून कळतं. आणि हो, बॅटरी उतरलेली असणं, ओठाचा हुक गंजलेला असणं, वायर आतून तुटलेली असणं. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत हुक आणि क्लिप जरा जास्तच पुसाव्या लागतात.

काटा सलग आणि हळूहळू सरकला पाहिजे. तो उड्या मारत असेल तर आलेला आकडा कितीही सोयीचा असो, लिहू नये.

मशीन एवढं चांगलं आहे तर एक्स-रे कशाला? पैसे वाढवायला?

हा प्रश्न पेशंट थेट विचारत नाहीत, पण चेहऱ्यावर दिसतो. एक्स-रे म्हणजे सावली. मूळ खोलीतही असतं, चित्रात ते सपाट होतं. छिद्र गालाच्या किंवा जिभेच्या बाजूला उघडत असेल तर चित्रात फाईल मुळाच्या आत दिसते आणि प्रत्यक्षात ती कधीच बाहेर पडलेली असते. वरच्या दाढांच्या मुळांवर गालाच्या हाडाची सावली पडते आणि टोक शोधणं म्हणजे अंदाजपंचे होऊन बसतं. इथे मशीन सरस.

मशीनला मात्र वळण दिसत नाही, दुसरा कॅनाल दिसत नाही, फाईल कॅनालमध्ये आहे की भलत्याच वाटेने गेली आहे हे कळत नाही. इथे एक्स-रे सरस. म्हणून आम्ही दोन्ही घेतो, आणि दोघांत फरक पडला तर तो का पडला याचा छडा लागेपर्यंत पुढे जात नाही. मशीन १८.५ म्हणतंय, चित्र २० म्हणतंय: आधी पोकळी पुसायची, धातू कुठे टेकतोय का बघायचं, फाईल एक नंबर मोठी घ्यायची, पुन्हा वाचायचं. तरीही १८.५ च येत असेल आणि काटा स्थिर असेल तर छिद्र बाजूला उघडत असण्याची शक्यता धरायची, आणि आमचा कल तेव्हा मशीनकडे असतो. काही जण चित्राकडे झुकतात. पण फरक दिसत असूनही दोन्हींची सरासरी काढून १९.२५ लिहिणं हा प्रकार कुणीच करू नये.

तोच दात, मग एक्स-रे एकदा सरळ आणि एकदा तिरका का?

सरळ चित्रात एकामागे एक असलेले दोन कॅनाल एकावर एक येतात. एक्स-रे मशीनची नळी थोडी बाजूला सरकवून चित्र घेतलं की ते वेगळे होतात: जिभेकडचा कॅनाल नळी ज्या दिशेला गेली त्याच दिशेला सरकलेला दिसतो, गालाकडचा उलट दिशेला. क्लार्क यांनी १९१० मध्ये मांडलेली ही युक्ती आजही रोज वापरात आहे. दोन फाईली दोन वेगळ्या प्रकारच्या घेतल्या तर कुठली कुठल्या कॅनालमध्ये आहे हेही त्याच चित्रात कळतं.

इतके एक्स-रे म्हणजे रेडिएशन किती?

आरव्हीजीवरच्या (डिजिटल एक्स-रे) एका दाताच्या चित्राची मात्रा साधारण काही मायक्रोसिव्हर्ट असते. निसर्गातून, म्हणजे जमीन, हवा आणि आकाशातून, माणसाला वर्षाला जागतिक सरासरीने सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट मिळतात. दिवसाचे साडेसहा मायक्रोसिव्हर्ट झाले. एका रूट कॅनालचे चार-पाच एक्स-रे म्हणजे फार तर काही दिवसांचं नैसर्गिक रेडिएशन. तरीही ‘थोडंच आहे’ म्हणून उगाच काढायचे नसतात. दाताच्या एक्स-रे मशीनलाही अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी लागते. मंडळाचं कार्यालय इथेच, अणुशक्तीनगरला आहे. क्लिनिकमध्ये नोंदणीचा कागद मागायला लाजू नका.

मी गरोदर आहे. एक्स-रेशिवाय लांबी काढता येईल?

कितवा महिना आहे ते आधी सांगा, एवढं सर्वांत महत्त्वाचं. तातडीचं नसेल तर काम पुढे ढकलता येतं. करावंच लागलं तर लोकेटरवर बरंचसं भागतं आणि चित्रांची संख्या एक-दोनवर येते. दाताच्या एक्स-रेचा झोत पोटाकडे नसतो, त्यामुळे अत्यावश्यक एका चित्राला घाबरून पू तसाच ठेवणं शहाणपणाचं नाही.

वडिलांना पेसमेकर आहे. मशीन चालेल?

प्रयोगशाळेतल्या बहुतेक चाचण्यांत आजच्या लोकेटरने पेसमेकरमध्ये अडथळा आणलेला दिसला नाही, तरी अनेक कंपन्या माहितीपत्रकात सावधगिरीची सूचना छापतात. वडिलांच्या हृदयरोगतज्ज्ञांना एक फोन करा आणि पेसमेकरचं कार्ड क्लिनिकमध्ये घेऊन या. त्यांचा होकार नसेल तर एक्स-रेवर काम होतं.

एकाच दाढेतल्या प्रत्येक कॅनालची लांबी वेगळी कशी?

मुळंच कमी-जास्त लांबीची असतात आणि वरचे उंचवटेही एका पातळीत नसतात. वरच्या पहिल्या दाढेत टाळूकडचं मूळ बहुधा सगळ्यांत लांब. गालाकडच्या पुढच्या मुळात पुष्कळदा दोन कॅनाल असतात. त्यातला दुसरा, ज्याला सगळे एमबी टू म्हणतात, सापडायलाच वेळ लागतो, लांबी त्यानंतरची गोष्ट. पुस्तकात सरासरी लांबीचे तक्ते असतात: वरचा समोरचा दात साडेबावीस-तेवीस मिलीमीटर, वरचा सुळा सव्वीस-सत्तावीस, पहिल्या दाढा वीस-एकवीसच्या आसपास. वर्षानुवर्षं सुपारी-तंबाखू चघळून ज्यांच्या दाढा सपाट झिजल्या आहेत त्यांच्याकडे हे तक्ते गुंडाळून ठेवावे लागतात. लालबाग-परळच्या जुन्या चाळींतून येणाऱ्या आजोबांच्या दाढा कधी कधी एवढ्या आखूड झालेल्या असतात की २१ मिलीमीटरची फाईलसुद्धा हातात लांब वाटते.

मुळं वाकडी असतील तर?

तर आकडा एकदा काढून पुरत नाही. वाकड्या वाटेने मोजलेली लांबी जास्त भरते. कॅनाल रुंद होताना वळण थोडं सरळ होतं आणि वाट आखूड होते. जुन्या आकड्यावर काम चालू ठेवलं तर शेवटच्या फाईली टोकाबाहेर डोकावतात. म्हणून वरचा भाग आधी मोकळा करायचा, मग लांबी काढायची, आणि शेवटच्या फाईलच्या आधी पुन्हा एकदा तपासायची.

दोन सिटिंगच्या मध्ये लांबी बदलू शकते का?

मूळ बदलत नाही, पण मोजायची सुरुवात जिथून केली ती जागा बदलू शकते. दिवाळीच्या दिवसांत हमखास दिसणारा प्रकार: टेम्पररी भरलेली दाढ, त्यावर कडक चकली किंवा भाजणीचं कडबोळं, आणि उंचवट्याचा टवका उडतो. ज्या उंचवट्यावरून २०.५ मोजलं होतं तोच दीड मिलीमीटर खाली आला. आता २०.५ ची फाईल घातली तर ती दीड मिलीमीटर पुढे जाणार. पेशंटने ‘जरासा तुकडा पडला होता’ हे आवर्जून सांगायला हवं; जीभ लागत नाही म्हणून लोक विसरून जातात. डॉक्टरांनीही दाढ चावताना लागू नये म्हणून उंची कमी करायची असेल तर ती लांबी मोजण्याआधी करावी, आणि तकलादू कड सोडून भक्कम उंचवटा धरावा.

भूल दिलेली असताना एकदम टोचलं. फाईल बाहेर गेली का?

गेली असेलच असं नाही. आत नसेचा जिवंत तुकडा उरलेला असला की फाईल मध्येच असतानाही टोचतं. उलट, मुळाशी मोठा गळू असेल तर फाईल बाहेर जाऊनही काही कळत नाही. पेशंटच्या ‘आई गं’वरून लांबी ठरवणं ही पद्धत मानायची नसते. तुम्ही मात्र हात वर करून सांगा, भूल वाढवता येते.

अनुभवी हाताला आपोआप कळतं म्हणतात ना? (इंटर्नचा प्रश्न)

थोडंफार कळतं. फाईल कोंडीशी अडल्यासारखी वाटते, पुढे एकदम सुटते. पण कॅनाल मध्येच अरुंद असला तरी तसंच वाटतं आणि कोंडी झिजलेली असेल तर काहीच वाटत नाही. हाताची साक्ष तिसऱ्या क्रमांकाची. चौथी कागदी पॉइंटची, म्हणजे कॅनाल टिपून घ्यायच्या कागदाच्या बारीक टोकदार काडीची: कॅनाल वाळवल्यावर पॉइंटच्या टोकाला प्रत्येक वेळी तेवढाच ओला किंवा लाल डाग येत असेल तर तेवढा भाग बाहेर जातोय असं समजायचं. टोक उघडं असलेल्या मुळात ही साधी युक्ती मशीनपेक्षा कामाला येते.

लहान मुलांच्या दातांतही अशीच लांबी काढतात का?

दुधाच्या दातांची मुळं खालून झिजत असतात आणि त्यांच्याखाली पक्क्या दाताचा कोंब असतो, म्हणून एक-दोन मिलीमीटर आधीच थांबायचं. आठ वर्षांच्या मुलाची पक्की पहिली दाढ मात्र वेगळं प्रकरण. ती सहाव्या वर्षी येते, पण मुळाचं टोक बंद व्हायला आणखी तीन-एक वर्षं लागतात. तोवर टोक सताड उघडं असतं आणि लोकेटर बहुधा खऱ्यापेक्षा कमी लांबी दाखवतो. तिथे एक्स-रे आणि कागदी पॉइंटवर भिस्त. अशा दाताची नस वाचवता येत असेल तर वाचवावीच, म्हणजे मूळ पुढे वाढतं.

आधी रूट कॅनाल झालेला दात पुन्हा उघडला तर?

जुना गटापर्चा पूर्ण निघेपर्यंत मशीनचं वाचन धरायचं नाही. तो विद्युतरोधक आहे, फाईल त्यात असेपर्यंत काटा गप्प बसतो किंवा भलतंच सांगतो. आधीच्या उपचारात पायरी पडली असेल तर ती ओलांडून खरी लांबी मिळवण्यातच अख्खी सिटिंग जाते.

लांबी काढायला सीबीसीटी (दातांचा त्रिमितीय स्कॅन) लागतं का?

केवळ लांबीसाठी, नाही. मात्रा जास्त, खर्चही जास्त. दुसऱ्या कारणासाठी काढलेलं असेल तर त्यावरून चांगला अंदाज येतो.

नायर किंवा सरकारी डेंटल कॉलेजात हे सगळं होतं का?

होतं. मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल कॉलेज महापालिकेचं, आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय. समोरचे दात बहुधा पदवीचे विद्यार्थी करतात, दाढा पदव्युत्तर विभागात. प्रत्येक लांबीचा एक्स-रे शिक्षकांना दाखवून सही घ्यावी लागते, म्हणून वेळ लागतो. गर्दी असते, डबा घेऊन जा. पण दोन जणांनी तपासलेली लांबी मिळते, जी खासगी क्लिनिकमध्ये मिळेलच असं नाही.

अर्धं काम झालंय आणि आम्ही दादरहून विरारला राहायला चाललोय. नव्या डॉक्टरांना काय द्यायचं?

एक्स-रेच्या मूळ डिजिटल प्रती आणि केस पेपरची प्रत. त्यात प्रत्येक कॅनालची लांबी, ती कुठल्या उंचवट्यावरून मोजली, आणि कॅनालमध्ये वापरलेली शेवटची फाईल कितव्या नंबरची होती, एवढं असावं. नुसतं ‘आरसीटी चालू’ असं लिहिलेल्या चिठ्ठीचा उपयोग नाही. इतकं करूनही नवे डॉक्टर लांबी पुन्हा काढतील. ते बरोबरच आहे.

व्हॉट्सॲपवर एक्स-रे पाठवतो, लांबी बरोबर आहे का सांगाल?

पडद्यावरच्या चित्राचा मोबाइलने काढलेला फोटो असेल तर तो तिरका असतो, कडा वाकलेल्या असतात आणि मोजपट्टी गायब असते. त्यावरून ‘भरण बरंच अलीकडे थांबलंय’ किंवा ‘बरंच बाहेर गेलंय’ एवढं ढोबळ सांगता येतं, अर्ध्या मिलीमीटरचा निवाडा करता येत नाही. भरण टोकाच्या अर्धा-एक मिलीमीटर अलीकडे दिसत असेल तर ते तसंच हवं असतं. ‘डॉक्टरांनी अर्धवट सोडलं’ म्हणून भांडायला जाऊ नका. सीलरचा बारीक ठिपका बाहेर दिसतोय आणि दुखत नाही, तर दात पुन्हा उघडायची घाई नको. वर्षभराने त्याच दाताचा त्याच कोनातून एक्स-रे काढून हाड भरत आलंय का हे बघायचं. ओठ बधिर राहिला असेल किंवा सूज वाढत असेल तर मात्र फोटो पाठवत बसू नका, ज्यांनी काम केलं त्यांच्याकडे त्याच दिवशी जा.